पॅसिफिक रिकामा नाही

मार्च २०२० मध्ये गॅलापागोसहून मार्केझास बेटांकडे निघालेल्या कित्येक शिडाच्या होड्या भर समुद्रात होत्या. हा टप्पा सुमारे ३,००० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरचा. वाटेत एकही बेट नाही. पस्तीस-चाळीस फुटांची होडी ताशी पाच-सहा सागरी मैल कापते. म्हणजे तीन ते चार आठवडे नुसतं पाणी, आभाळ आणि रात्री डेकवर येऊन पडणारे उडते मासे. या होड्या निघाल्या तेव्हा पलीकडची बंदरं उघडी होती. त्या पोहोचेपर्यंत जगाला कुलूप लागलं होतं. मार्केझास ज्याचा भाग आहेत त्या फ्रेंच पॉलिनेशियाने सीमा बंद केल्या आणि आलेल्यांना होडीवरच बसून राहायला फर्मावलं. पुढची कुक बेटं बंद, टोंगा बंद, न्यूझीलंड बंद. मागे फिरावं, तर वारा तोंडावर.

त्या दिवसांत दर्यावर्दींमध्ये जो संताप उसळला, त्यातला काही रास्त होता. पिण्याचं पाणी संपत आलेल्या, शीड फाटलेल्या होडीला आसरा द्यायचा, हा समुद्राचा जुना धर्म आहे. पण त्या संतापात दुसराही एक सूर होता. आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात, वाऱ्याबरोबर येतो आणि वाऱ्याबरोबर जातो, मग आम्हाला अडवणारे हे कोण?

अडवणाऱ्यांकडे याचं उत्तर होतं, आणि ते शंभर वर्षं जुनं होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून ‘तालुने’ नावाचं जहाज पश्चिम सामोआतल्या आपिया बंदरात आलं. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते. तरीही तिथल्या न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाने जहाज विलगीकरणात ठेवलं नाही. काही आठवड्यांत पश्चिम सामोआची एक-पंचमांशाहून अधिक लोकसंख्या दगावली. शेजारच्याच अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरने बंदर बंद ठेवलं आणि तिथे त्या साथीने एकही माणूस मेला नाही. पॅसिफिकच्या बेटांवर हा इतिहास पाठ्यपुस्तकापुरता नाही. तो घराघरांतल्या वंशावळीत आहे. २०२० मध्ये बंदरं मिटली, तेव्हा बेटवासी क्रूर झाले नव्हते. त्यांना आठवण होती, इतकंच.

महासाथ ओसरली, बंदरं उघडली, होड्यांचा ओघ पुन्हा सुरू झाला. कुरकुर मात्र थांबली नाही, फक्त तिचा विषय बदलला. आता तक्रार आहे ती नांगर टाकण्यावरच्या मर्यादांची, नांगराऐवजी बांधायच्या सक्तीच्या बोयांची, त्यांच्या भाड्याची, परवान्यांची आणि तपासण्यांची. या भांडणात बेटांची बाजू बरोबर आहे. शिडाच्या होडीतून पॅसिफिक फिरणं हा माणसाला सुचलेल्या सर्वांत सुंदर छंदांपैकी एक आहे, हे मान्य करूनही ती बरोबर आहे.

हा प्रवास चालतो कसा, ते आधी पाहायला हवं, कारण गर्दीचं मूळ त्यातच आहे. पनामा कालवा ओलांडून पश्चिमेला जाणारी वाट दर्यावर्दींमध्ये ‘कोकोनट मिल्क रन’ म्हणून ओळखली जाते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते पाठीवर घेतले की होडी फारसा त्रास न देता पश्चिमेला सरकत राहते. मार्केझास, मग तुआमोतूची प्रवाळबेटं, मग ताहिती, मूरिया, बोरा बोरा; पुढे कुक बेटं, निऊए, टोंगा, फिजी. वाऱ्याने वाट आखून दिली आहे आणि वादळांनी वेळापत्रक. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम असतो. त्या काळात उष्ण कटिबंधात राहिलात तर विमा कंपन्याही हात वर करतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मार्केझास, जुलैत ताहिती, सप्टेंबरमध्ये टोंगा आणि नोव्हेंबरच्या सुमारास न्यूझीलंडकडे पळ, हा क्रम जवळपास ठरलेला. नकाशावर महासागर अफाट दिसतो. पण शेकडो होड्या एकाच मोसमात एकाच वाटेवर असतात आणि त्याच पाच-पन्नास खाड्यांत नांगर टाकतात.

जगातल्या सर्वांत मोकळ्या प्रवासाला मुंबईच्या लोकलसारखं वेळापत्रक असावं, ही त्यातली गंमत.

मार्केझासला पोहोचलेल्या माणसाला आधी वास येतो, मग डोंगर दिसतात, असं दर्यावर्दी सांगतात. ही ज्वालामुखीची उंच बेटं. इथे प्रवाळाची तटबंदी जवळजवळ नाही. त्यामुळे महासागराच्या लाटा थेट खाडीत शिरतात आणि नांगरलेली होडी रात्रभर हेलकावत राहते. खरी परीक्षा पुढे, तुआमोतूत. तिथे डोंगर नाहीतच. पाण्याच्या पातळीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आलेली प्रवाळाची कडी आणि तिच्या पोटात शांत लगून. आत शिरायला कडीतली एखादी फट, आणि त्या फटीतून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. पाणी थांबण्याची वेळ साधून आत जायचं. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी हवा, नाहीतर पाण्याखालचे प्रवाळाचे खांब दिसत नाहीत. जुने नकाशे या भागाला ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हणत, ते उगाच नाही.

आणि आत पोहोचल्यावर नांगर. तो नुसता तळाशी जाऊन बसत नाही. त्याच्यामागे तीस-चाळीस-पन्नास मीटर लोखंडी साखळी असते. वारा फिरला की होडी फिरते, होडीबरोबर साखळी फिरते आणि वाटेतलं सगळं खरवडत जाते. घुमटासारखे मोठे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. एका रात्रीच्या वाऱ्याने मोडलेला तुकडा भरून यायला नांगर टाकणाऱ्याचं उरलेलं आयुष्य पुरणार नाही.

यावर उपाय आहे, आणि तो दर्यावर्दींनीच रुळवलेला. काळ्या मोत्यांची शेती हा तुआमोतूचा मोठा धंदा. त्या शेतांतून सुटलेले प्लास्टिकचे गोल तरंगे किनाऱ्यावर वाहून येतात. शहाणे लोक ते उचलतात आणि साखळीला ठरावीक अंतरावर बांधतात. मग नांगराजवळची साखळी वाळूवर राहते आणि उरलेली प्रवाळाच्या वर, पाण्यात अधांतरी तरंगते. काम दहा मिनिटांचं. पण ते करणारे जितके भेटतात तितकेच न करणारेही भेटतात, आणि मर्यादा आखायची वेळ येते ती या दुसऱ्यांमुळे.

या दुसऱ्या गटातली माणसं वाईट नसतात. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत नांगराखाली कुणाचं काही नव्हतं, एवढाच त्यांचा दोष.

या छंदाची पोथी जोशुआ स्लोकमने लिहिली. १८९५ मध्ये बोस्टनहून निघून १८९८ पर्यंत ‘स्प्रे’ या जेमतेम ३७ फुटांच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. पॅसिफिक ओलांडताना त्रेचाळिसाव्या दिवशी त्याला मार्केझासमधलं नुकू हिवा दिसलं. त्याने ते नुसतं पाहिलं, आपली जागा बरोबर निघाली याची खात्री केली आणि तो पुढे गेला. थेट बहात्तराव्या दिवशी सामोआला थांबला. तिथे दीडेक वर्षापूर्वी वारलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या पत्नीने, फॅनीने त्याचं स्वागत केलं आणि नवऱ्याच्या संग्रहातली सागरी मार्गदर्शिका त्याला भेट दिली. कथा लोभसच आहे. पण तिच्यातलं नुकू हिवा म्हणजे केवळ खूण पटवायचा एक डोंगर. त्याच्या पायथ्याशी त्या वेळी काय चाललं होतं, याकडे कथेचं लक्ष जात नाही. तिथे माणसं मरत होती. देवी, क्षय, दारू आणि बंदुका यांनी मार्केझासची लोकसंख्या दीडशे वर्षांत हजारोंच्या घरातून घसरत १९२० च्या दशकात जेमतेम २,००० वर आणली. पुढच्या पिढ्यांच्या खलाशांना इथल्या दऱ्या निर्जन आणि म्हणून रम्य वाटल्या. आजही झाडीत लपलेले दगडी चौथरे सापडतात. ती घरं होती.

दुसरी पोथी बर्नार्ड मोइतेसिएची, आणि तिच्या एका पानावर मुंबई आहे. १९६८ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लावली. नऊ जण निघाले. पूर्ण करणारा एकच: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहैली’ ही ३२ फुटांची होडी मुंबईत बांधलेली, सागवानाची, इथल्या सुतारांनी वाकस आणि हाताच्या सामत्याने घडवलेली. तिच्याहून वेगवान होडी होती मोइतेसिएची, नाव ‘जोशुआ’, अर्थात स्लोकमवरून. जिंकण्याची पुरेपूर शक्यता असताना या फ्रेंच माणसाने परतीची वाट सोडली, आफ्रिकेचं टोक दुसऱ्यांदा ओलांडलं आणि जून १९६९ मध्ये ताहिती गाठली. बक्षीस नको, गर्दी नको, युरोप नको. या एका निर्णयाने तो दोन पिढ्यांच्या दर्यावर्दींचा संत झाला.

पण संत जिथे उतरला ते ताहितीचं पापेते बंदर तेव्हा काय होतं? फ्रान्सच्या अणुचाचण्यांचा तळ. त्या पैशाने शहर फुगत होतं, धक्क्यावरची झाडं तोडून रस्ता रुंद होत होता. मोइतेसिए त्या झाडांसाठी भांडला, पुढे आहे नावाच्या प्रवाळबेटावर जाऊन त्याने खत कुजवून भाज्या पिकवायचे प्रयोग केले. त्याच्या भक्तांनी मात्र त्याचा पळून जाणारा अर्धाच भाग उचलला. राहून भांडणारा अर्धा भाग मागेच राहिला.

तिसरा टॉम नील. न्यूझीलंडचा हा माणूस १९५२ पासून १९७७ पर्यंत, मधले काही खंड सोडता, कुक बेटांतल्या सुवारो या निर्मनुष्य प्रवाळबेटावर एकटा राहिला. त्याचं पुस्तक वाचून आजही होड्या तिथे जातात. सुवारो आता राष्ट्रीय उद्यान आहे. मोसमात तिथे कुक बेटांचे राखणदार असतात, परवाना तपासतात, शुल्क घेतात, कुठे जायचं आणि कुठे नाही ते सांगतात. यामुळे जादू गेली, असं काहींना वाटतं. पण होड्यांबरोबर येणारे उंदीर समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींचं काय करतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला राखणदार नसलेलं सुवारो नको वाटेल.

तिन्ही कथांत समुद्र रिकामा आहे. वास्तविक या महासागरातलं राहण्याजोगं जवळजवळ प्रत्येक बेट युरोपियनांच्या कित्येक शतकं आधी कुणीतरी शोधलेलं, वसवलेलं आणि सोडलेलं किंवा राखलेलं होतं. चौदाव्या शतकापर्यंत पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांतून हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड या तिन्ही टोकांना पोहोचले होते. १७६९ मध्ये रायाटेआचा तुपाइया कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला आणि त्याने सत्तरहून अधिक बेटं दाखवणारा नकाशा काढून दिला. कागदावर नकाशा ही त्याची पद्धतच नव्हे; त्याच्या डोक्यात तारे, लाटा आणि दिवसांची गणती होती.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक विद्वानांना हे पचत नव्हतं. थोर हायरडाल १९४७ मध्ये ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी तुआमोतूतल्या रारोईआच्या खडकांवर आदळला. साहस अस्सल, पण त्यातून ही बेटं दक्षिण अमेरिकेहून वाहत आलेल्यांनी वसवली असं त्याला दाखवायचं होतं. दुसरे काही म्हणत, हे लोक वाट चुकून योगायोगाने लागले असतील. याचं उत्तर १९७६ मध्ये मिळालं. हवाईत बांधलेली ‘होकुलेआ’ ही जोडहोडी होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय, सुमारे अडीच हजार सागरी मैल पार करून पापेतेला पोहोचली. वाट दाखवणारा होता मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटाचा माउ पियाइलुग. हवाईत तोवर ही विद्या जाणणारा कुणी उरला नव्हता, म्हणून त्याला बोलवावं लागलं. स्वागताला धक्क्यावर हजारो माणसं लोटली. ती काही हौशी नौकानयनाच्या कौतुकासाठी आली नव्हती.

समुद्र रिकामा समजण्याची किंमत कुणी मोजली, हेही सांगितलं पाहिजे. १९४६ ते १९५८ दरम्यान अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुस्फोट केले. फ्रान्सने १९६६ ते १९९६ या तीस वर्षांत मोरुरोआ आणि फांगाताउफा या तुआमोतूतल्या दोन प्रवाळबेटांवर १९३ केले. पॅरिसमधून पाहताना तिथे काहीच नव्हतं. आसपासच्या वसलेल्या बेटांवर राख पडली, पाऊस पडला, तो पाऊस टाक्यांत साठवला गेला आणि प्यायला गेला.

इथे शिडाच्या होडीच्या बाजूनेही साक्ष आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९५८ मध्ये ‘गोल्डन रूल’ या छोट्या होडीतून चार शांततावादी मार्शल बेटांतल्या एनिवेटॉकच्या चाचणीक्षेत्राकडे निघाले होते. त्यांना होनोलुलूत अटक झाली. १९७२ मध्ये डेव्हिड मॅकटॅगर्ट ‘वेगा’ ही ३८ फुटी होडी घेऊन मोरुरोआच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, तेव्हा फ्रेंच नौसैनिकांनी होडीवर चढून त्याला बेदम मारलं आणि त्या मारहाणीची छायाचित्रं जगभर गेली. शिडाची होडी कुठेही जाऊ शकते, हा तिचा गुण असा कामी आला. या खलाशांना ठाऊक होतं, इथे माणसं राहतात.

मग आजचं भांडण. मूरियाच्या लगूनमध्ये कोणत्या भागात, किती होड्यांनी, किती दिवस नांगर टाकायचा यावर मर्यादा आहेत. बोरा बोरात तर नांगर टाकायचाच नाही. ठरलेल्या बोयांना होडी बांधायची आणि त्याचं भाडं द्यायचं. काही ठिकाणी आधी ज्या निवांत कोपऱ्यांत महिनाभर पडून राहता येई, तिथे आता मनाईचे फलक आहेत. होडीवाल्यांचे आक्षेप ऐकून घेण्यासारखे आहेत. बोये पुरेसे नाहीत. त्यांच्या दोरखंडांची निगा कोण राखतो, ते कळत नाही. वादळी वाऱ्यात अनोळखी बोयापेक्षा स्वतःच्या नांगरावर भरवसा ठेवणं हा चांगल्या तांडेलाचा धर्म. आणि लगूनचं खरं नुकसान कुणी केलं? पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या बंगल्यांची कल्पना १९६० च्या दशकात इथेच, फ्रेंच पॉलिनेशियात जन्मली. त्या हॉटेलांना कोण हात लावतं?

शेवटचा आक्षेप बिनतोड आहे. श्रीमंत हॉटेलाचे खांब चालतात आणि मध्यमवर्गीय निवृत्त जोडप्याचा नांगर खुपतो, हा दुटप्पीपणा म्हणावाच लागेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष असा की हॉटेलांनाही आवरा. आम्हालाही मोकळं सोडा, हा नव्हे. आणि बेटं सगळ्यांना आवरू लागली आहेतच. बोरा बोराने क्रूझ जहाजांच्या प्रवाशांना दिवसाला १,२०० ची मर्यादा घातली. दहाएक हजार वस्तीच्या बेटावर एका सकाळी तीन हजार माणसं उतरवणाऱ्या धंद्याला लावलेला तो लगाम होता. त्या मानाने बोयाचं भाडं म्हणजे काहीच नाही.

एका बाबतीत मात्र सरकारांनी हात सैल करायला हवा. क्रूझचा प्रवासी जहाजावर जेवतो, जहाजावर झोपतो, किनाऱ्यावर एक शंख घेतो आणि जातो. होडीवाला आठवडाभर राहतो. तो बाजारातून केळी, पपनस आणि पाव घेतो, डिझेल घेतो, गावातल्या मेकॅनिकला बोलावतो, कुणाच्या तरी अंगणात पैसे देऊन जेवतो. हे पैसे कुणा साखळी-हॉटेलाच्या परदेशी खात्यात जात नाहीत. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजू नये. बोये वाढवावेत, त्यांची तपासणी कधी झाली ते लिहून लावावं आणि भाड्यातला ठरलेला वाटा त्या खाडीच्या गावाला मिळावा. गावाला वाटा मिळाला की गावच बोयांवर लक्ष ठेवेल. पापेतेहून येणाऱ्या निरीक्षकापेक्षा ते कितीतरी चांगलं.

हे स्वप्नरंजन नाही, कारण पॅसिफिकमध्ये अशा व्यवस्था जुन्या आहेत. फिजीत एखाद्या गावासमोर नांगर टाकला की पहिलं काम ‘सेवुसेवु’. यांगोना, म्हणजे कावाच्या वाळलेल्या मुळांची जुडी घेऊन गावच्या प्रमुखाकडे जायचं. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे-गुडघे झाकायचे, चटईवर मांडी घालून बसायचं. त्याने जुडी स्वीकारली की तुम्ही त्या गावाचे. समोरच्या पाण्यात पोहायला, गावात फिरायला मोकळे. कारण समोरचा समुद्र ही मोकळी जागा नाही. प्रवाळापर्यंतचं पाणी परंपरेने त्या गावाचं मासेमारीचं क्षेत्र आहे. ही जुडी सावुसावु या बंदरगावाच्या बाजारात मिळते आणि बहुधा फिजी हिंदीतून घासाघीस करत. १८७९ ते १९१६ दरम्यान भारतातून नेलेल्या साठ हजार गिरमिटियांचे, म्हणजे करारावरच्या मजुरांचे, वंशज तिथे भाजी, मसाले आणि कावा विकतात. भारतातून आलेल्या दर्यावर्दीला पॅसिफिकमधल्या या बंदरात दुभाष्या लागणार नाही.

कुक बेटांतल्या पामरस्टनची तऱ्हा आणखी वेगळी. १८६३ मध्ये विल्यम मार्स्टर्स नावाचा इंग्रज इथे पॉलिनेशियन बायकांसह स्थायिक झाला. आजची पन्नासेक किंवा त्याहून कमी माणसांची जवळजवळ सगळी वस्ती त्याच्याच वंशाच्या तीन शाखांची. होडी दिसली की किनाऱ्यावरून छोट्या बोटी निघतात, आणि जे कुटुंब आधी पोहोचतं ते त्या पाहुण्यांचं यजमान. बोया त्यांचा, जेवण त्यांचं, प्रवाळातून किनाऱ्यावर नेणं-आणणंही त्यांचंच. बदल्यात दर्यावर्दी वीजपंप दुरुस्त करून देतात, मालवाहू जहाज वेळेवर न आल्याने संपलेलं पीठ, साखर, दोरखंड देतात. निऊएला तर नांगर टाकण्याजोगा किनाराच नाही. कड्याखाली पाणी एकदम खोल होतं, म्हणून बोयालाच बांधायचं. आणि धक्क्यावर लाटा इतक्या की छोटी डिंगी क्रेनने उचलून वर ठेवायची. कुणी तक्रार करत नाही. नियम समुद्राने केला की पटतो, माणसांनी केला की खटकतो, एवढंच.

बेटांच्या तपासण्यांमागेही कारण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोंगाच्या वावाउ द्वीपसमूहात खडकावर चढलेली एक शिडाची होडी सापडली. आत एक मृतदेह होता आणि दोनशे किलोहून अधिक कोकेन. दक्षिण अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या मालासाठी हीच व्यापारी वाऱ्यांची वाट सोयीची. काही मोजक्या पोलिसांवर शेकडो मैल समुद्र राखणाऱ्या देशाने प्रत्येक होडीचे कागद नीट पाहिले, तर त्यात अपमान कसला?

यजमान आणि पाहुणा यांच्यातला व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, याची दोन उदाहरणं सांगण्याजोगी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘विन्स्टन’ हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ फिजीवर आदळलं. ४४ माणसं गेली, बाहेरच्या बेटांवरची गावंच्या गावं उडाली. मोठी जहाजं जिथे जाऊ शकत नव्हती तिथे खाजगी होड्या ताडपत्र्या, पिण्याचं पाणी आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं घेऊन गेल्या. आदल्या वर्षी वानुआतुतही ‘पॅम’ वादळानंतर हेच घडलं होतं. ‘सी मर्सी’ सारख्या संस्थांनी होड्यांना कामं वाटून दिली.

दुसरं उदाहरण जाक ब्रेलचं. फ्रेंच गाण्यांचा हा बेल्जियन बादशहा, फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेला, ‘आस्कॉय’ या शिडाच्या होडीतून १९७५ च्या अखेरीस मार्केझासमधल्या हिवा ओआला पोहोचला. त्याला पुढे जग फिरायचं होतं. तो तिथेच राहिला. होडी विकली, छोटं विमान घेतलं आणि त्यातून तो बेटाबेटांत टपाल पोहोचवू लागला, आजाऱ्यांना ताहितीच्या रुग्णालयात नेऊ लागला. १९७८ मध्ये तो फ्रान्समध्ये वारला, पण त्याला पुरलं हिवा ओआवरच्या आतुओना गावाच्या टेकडीवर, चित्रकार गोगँच्या कबरीजवळ. आतुओनात उतरणारे दर्यावर्दी दोन्ही कबरी पाहतात. गोगँने बेटाला काय दिलं यावर दुमत आहे, आणि त्याने कोवळ्या मुलींशी जे केलं त्यावर असू नये. ब्रेलबद्दल गावात तसा वाद होत नाही.

भारतीय शिडं अजून या वाटेवर फारशी नाहीत. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी न थांबता केली, आणि ‘तारिणी’ने नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांना दोनदा जगाभोवती नेलं. पण या सगळ्या वाटा खाली, दक्षिण महासागराच्या थंड, खवळलेल्या पट्ट्यातून गेल्या. नारळाच्या सावलीचा पॅसिफिक त्यांच्या उत्तरेला राहिला. मुंबई-गोव्यात हौशी नौकानयन वाढतं आहे; आज ना उद्या कुणी मराठी जोडपं स्वतःच्या होडीतून मार्केझासला नांगर टाकेल. त्यांच्याकडे स्लोकमच्या आधी माउ पियाइलुगचं चरित्र असेल तर बरं.

नोव्हेंबर जवळ आला की टोंगा-फिजीतल्या होड्या न्यूझीलंडकडे वळतात. निघण्याआधी खलाशी पाण्यात उतरून तळावरची शेवाळ आणि कालवं तासतात, कारण तिथे तळ स्वच्छ नसेल तर होडीला थांबू देत नाहीत. किमान ४८ तास आधी कागद पाठवावे लागतात. बंदरात अधिकारी येऊन मध, बिया, अंडी, ताजी फळं, उरलेलं मटण उचलून नेतो. तळाचे फोटो, सफाईच्या पावत्या, सगळं काही फायलीत नीट लावलेलं असतं. हीच माणसं ऑगस्टमध्ये बोरा बोरातल्या बोयाच्या भाड्यावर तावातावाने बोलत होती. न्यूझीलंडच्या ओपुआ बंदराच्या धक्क्यावर मात्र समुद्राच्या स्वातंत्र्याचा मुद्दा कुणी काढत नाही. पावती घेतात आणि गरम पाण्याच्या अंघोळीची रांग लावतात.